करंगळीकडून येणारा निरोप

शालनताई घोरपडे यांच्या हातांना एक खोड होती. अंड्यांचा ट्रे समोर आला की त्यांचे तळवे आपोआप खाली जायचे आणि एकेक रांग अर्ध्या वळशानं फिरवून टाकायचे. विट्याजवळच्या एका हॅचरीत त्यांनी बावीस वर्षं काढली होती, त्यातली पहिली नऊ यंत्राविना. तिथला नियम साधा होता. ज्याचा हात ट्रेला लागेल त्यानं अंडी फिरवूनच पुढं जायचं, कुणाला विचारत बसायचं नाही. अंडं एकाच कुशीवर पडून राहिलं तर आतला जीव कवचाला चिकटतो आणि दगावतो. पुढं अंडी फिरवणारी यंत्रं आली, पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात तसं झालं. घरच्या फ्रिजमधली अंडीसुद्धा त्या येताजाता फिरवायच्या.

"आई, ती आमलेटची आहेत गं," त्यांची मुलगी तनिष्का हसायची. "त्यांना कुठं उबायचंय?"

दोन हजार एकेचाळीस साली शालनताई हॅचरी सोडून मिरजेच्या एका गर्भविज्ञान प्रयोगशाळेत लागल्या. तिथं पदव्यांना तोटा नव्हता, पण अंड्याच्या कवचाला बोटाच्या पेराएवढी खिडकी पाडायची आणि आतली एकही रक्तवाहिनी फुटू द्यायची नाही, हे कुणालाच धड जमत नव्हतं. शालनताईंनी पहिल्याच दिवशी तीस अंडी कापली आणि तिसाच्या तीस जगली. प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. नसीमा तांबोळी खुर्चीवरून उठल्या आणि म्हणाल्या, "इथं बसा ताई. ही खुर्ची आजपासून तुमची." बावीस वर्षांत शालनताईंना कामावर कुणी बस म्हणालं नव्हतं. त्या दिवसापासून तांबोळी मॅडमसाठी त्या काहीही करायला तयार होत्या, आणि पुढचा सगळा घोळ खरं तर त्यातूनच झाला.

एका पेशीपासून बाळ होतं हे शाळेत शिकवतात. पण खांद्यापाशी फुटलेल्या इवल्या कोंबाला आपण हात व्हायचं, त्यातही या कडेला अंगठा आणि त्या कडेला करंगळी, हे कळतं कसं? तर त्याला निरोप येतो. करंगळीच्या कडेला काही थोड्या पेशी असतात, त्या एक प्रथिन सोडतात. ज्या पेशींना ते भरपूर आणि बराच वेळ मिळतं त्यांची करंगळी होते, कमी मिळतं त्यांची मधली बोटं होतात आणि ज्यांच्यापर्यंत ते पोचतच नाही त्यांचा अंगठा. निरोप निघालाच नाही, तर हात कोपरापाशी थांबतो आणि पाय गुडघ्याच्या थोडा खाली. इतकी वर्षं बहुतेकांची समजूत अशी, की हा निरोप उदबत्तीच्या वासासारखा पसरतो, जवळ दाट आणि लांब विरळ.

तांबोळी मॅडमकडं कोंबड्यांची एक जात होती, जिच्या पिलांत हा निरोप निघतच नसे. तिच्या अंड्याला तिसऱ्या दिवशी खिडकी पाडायची आणि पंखाच्या कोंबाला, बरोबर त्या कडेला, प्रथिनात भिजवलेला मोहरीहून बारीक मणी टेकवून खिडकी पारदर्शक चिकटपट्टीनं बंद करायची. मणी हवं ते बोलायचा आणि पंख पुरता यायचा. मात्र जागा केसभरही चुकता कामा नये, नाहीतर बोटं उलटसुलट येतात, असं मॅडमचं ठाम मत होतं. खिडकी पाडलेलं अंडं फिरवायचं तर मुळीच नाही, मणी निसटतो. शालनताईंनी ही ताकीद चिठ्ठीवर लिहून उबवणीयंत्राच्या दारावर चिकटवली होती.

मार्चमधल्या एका दुपारी सगळे जेवायला गेले असताना त्या यंत्राचा पंखा बंद पडला आणि भोंगा वाजायला लागला. आत अठ्ठेचाळीस अंडी होती, आठ रांगा, मणी ठेवून दोनच तास झालेले. शालनताईंनी ट्रे उचलला आणि शेजारच्या यंत्रात सरकवला. डोळे तापमानाच्या आकड्यावर होते. आकडा वर चढला तेव्हा त्यांनी सुटकेचा श्वास टाकला आणि खाली पाहिलं. पहिल्या दोन रांगांच्या खिडक्या खाली गेल्या होत्या. हातांनी आपलं काम केलं होतं.

त्यांनी ती बारा अंडी परत सरळ केली आणि एकेका खिडकीतून दिवा धरून पाहिलं. एकाही अंड्यात मणी जागेवर नव्हता. काहींचा वरच्या पडद्याला बाहेरून चिकटला होता, काहींचा पार शेपटीकडं गेला होता. नोंदवहीत 'मणी जागेवर' असा एक रकाना होता. शालनताई त्याच्यासमोर बराच वेळ पेन धरून बसल्या आणि मग त्यांनी अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस खुणा केल्या. सात-आठ पंख नाहीतरी बिघडतातच, त्यांत ही बारा खपून जातील, असं त्यांनी मनाला समजावलं.

बारा खपून गेली नाहीत. आठवड्यानं पाहिलं तर अठ्ठेचाळीसही पिलांचे पंख पुरते आले होते, बोटं बरोबर जागच्या जागी. शालनताईंनी ती बारा तीनदा तपासली. त्या शिकलेल्या नव्हत्या, पण खुळ्याही नव्हत्या. मणी भलतीकडं असताना बोटं सरळ आली, म्हणजे मॅडम समजतात तसं काहीतरी नाही, एवढं त्यांना कळलं. आपण म्हणू, मग सांगून टाकायचं. म्हणायला काय जातं! सांगायचं तर ती खोटी खूणही सांगावी लागणार होती, आणि ती सांगितल्यावर खुर्ची आणि 'ताई' दोन्ही राहतील याची त्यांना खात्री नव्हती. मॅडमनी पेढे वाटले. शालनताईंनी पेढा घेतला, आणि अळीमिळी गुपचिळी करून तीन महिने गेले.

जूनमध्ये तनिष्काला दिवस गेले. आधी दोनदा गेले होते आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यातच सगळं संपलं होतं, त्यामुळं या वेळी घरात कुणी मोठ्यानं आनंदही केला नाही. पाचव्या आठवड्यात सगळ्याच जणींची असते ती रक्ताची तपासणी झाली. बाळ धडधाकट होतं, फक्त जनुकांतली एक कळ बिघडलेली होती. हाता-पायांचा निरोप निघणार नव्हता.

शालनताई लेक-जावयाला घेऊन तांबोळी मॅडमच्या केबिनमध्ये बसल्या. मॅडमनी काही लपवलं नाही.

"माणसावर पहिल्यांदा करायची परवानगी मला मागच्याच महिन्यात मिळालीय," त्या म्हणाल्या. "पण नीट ऐका. चार कोंब आहेत म्हणजे चार मणी, आणि चार वेळा सुई बाळाभोवतीच्या पाण्याच्या पिशवीच्या आत न्यावी लागणार. बाळ आत्ता मसुराच्या दाण्याएवढं आहे. मेंढ्यांवर केलं तेव्हा निम्मे गर्भ टिकले नाहीत. आठवा आठवडा उलटला की मग मणी ठेवूनही उपयोग नाही. तुमच्या हातात अठरा दिवस आहेत."

तनिष्कानं नवऱ्याकडं पाहिलं. ओंकारनं मान हलवली. त्यांचं येताना वाटेतच बोलणं झालं असावं.

"मग नको मॅडम," ती म्हणाली. "दोन गेलीत. हे जाऊ देणार नाही. हात नसले तर नसले, मी आहे की. हाय तसं येऊ दे."

तिचा आवाज जराही कापला नाही. शालनताईंना वाटलं, पोरगी आपल्याहून कितीतरी धीराची निघाली. दोघं बाहेर जाऊन गाडीत बसली, आणि शालनताई जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर थांबल्या. सुई पिशवीच्या आत न नेता निरोप पोचू शकतो, हे साऱ्या जगात फक्त त्यांना ठाऊक होतं. खरं बोलायला आपल्याच पोटच्या पोरीवर वेळ यावी लागली, याची त्यांना इतकी लाज वाटली की घाम फुटला. त्या माघारी फिरल्या आणि दार न वाजवता आत गेल्या.

"मॅडम, मार्चमधल्या त्या अठ्ठेचाळीसातली बारा अंडी मी फिरवली होती."

तांबोळी मॅडमनी चष्मा काढला. "किती फिरवली?"

"अर्धा वळसा. पंखा बंद पडला तवा. हाताला सवय हाय ओ, ध्यानातच आलं न्हाई."

"आणि मणी?"

"निसटले. मी दिवा धरून बघितलं. वर पडद्याला चिकटले हुते, काही शेपटीकडं गेले हुते. जाग्यावर एकबी नव्हता. मी खोटी खूण केली."

"पण त्या बाराही पिलांचे पंख..."

"तुम्ही बघितलेत की. सगळे सरळ."

मॅडम उठून खिडकीपाशी गेल्या आणि पाठमोऱ्याच उभ्या राहिल्या. मग वळल्या तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते.

"तीन महिने, शालनताई! तीन महिने तुम्ही हे पोटात ठेवून माझ्यासमोर बसत होता?" त्यांनी टेबलावर हात आपटला. "मी तुमच्यावर फार रागावणार आहे. पण आत्ता नाही, आत्ता वेळ नाही. किती अंडी आहेत आपल्याकडं?"

"तिसऱ्या दिवसाची छत्तीस."

"सगळी कापा."

या खेपेला मणी मुद्दाम लांब ठेवले, गर्भाच्या पडद्याच्या बाहेर. आणि मॅडमनी आणखी एक गोष्ट बदलली. एरवी कोंब कापून औषधात बुडवून मग सूक्ष्मदर्शकाखाली धरत. या वेळी त्यांनी जिवंत अंड्याच्या खिडकीवरच भिंग बसवलं, पेशी चमकतील अशी सोय केली आणि समोर स्क्रीन लावून दोघी जणी बसल्या.

तिसऱ्या तासाला कोंबाच्या एका कडेच्या पेशींतून धागे निघायला लागले. धागे कसले, त्यांच्यापुढं केसही दोरखंड वाटावा. एकेक धागा त्या पेशीच्या कितीतरी पट लांब. तो पुढं यायचा, चाचपडायचा, काही सापडलं नाही की मागं सरायचा आणि वेगळ्या दिशेनं पुन्हा निघायचा. एक धागा गर्भाच्या पडद्याच्या आरपार गेला आणि मण्याला टेकला. थोड्या वेळानं त्याच्यावरून एक चमकता ठिपका कोंबाकडं सरकायला लागला.

"हे धागे औषधात विरघळून जातात," मॅडम अगदी हळू म्हणाल्या. "धागे असतात हे लोकांनी पाहिलंय, पण एवढ्या लांब जातात हे कुणाला दिसलं नाही. आपण समजत होतो मणी बोलतो आणि पेशी जागेवर बसून ऐकतात. ताई, त्या स्वतः मागायला निघाल्यात."

"आन् ह्याच कडेच्या का? पलीकडच्या गप हायेत."

"कारण करंगळी ह्या कडेला व्हायचीय, हे त्यांना आधीच ठाऊक आहे. फक्त त्यांचा आवाज गेलाय. म्हणून तर मणी कुठंही असला तरी तुमच्या पिलांची बोटं सरळ आली. निरोप ज्यांना हवाय त्याच तो आणायला जातात."

शालनताई स्क्रीनकडं बघत राहिल्या. "हात यायच्या आधीच हात पुढं करायल्यात की ह्या," त्या म्हणाल्या, आणि त्यांना रडू आलं. मार्चमधल्या त्या बारा जिवांना त्यांनी बसल्या जागेवरून हात जोडले. मॅडमही डोळे पुसत होत्या.

आठवड्याभरात छत्तीसांतल्या चौतीस पिलांचे पंख सरळ आले. नव्या पद्धतीला परवानगी देणाऱ्या समितीची बैठक दोनदा झाली. परवानगी हाती आली तेव्हा अठरातले तीन दिवस उरले होते.

"बाळाला सुई लागणार नाही ना?" तनिष्कानं एवढंच विचारलं.

"पिशवीच्या आत काहीच जाणार नाही," मॅडम म्हणाल्या. "बाहेरून एक मणी ठेवायचा, एकच. पण त्याची ताकद किती हवी ते मी अंदाजानं ठरवतेय. तीन महिने हातात असते तर..." त्या थांबल्या आणि शालनताईंकडं न बघता म्हणाल्या, "अंदाज चांगला आहे माझा."

मणी ठेवला. दहा मिनिटांचं काम होतं. त्यानंतरचे दिवस मात्र कुणालाच सरता सरत नव्हते. शालनताई कामावर जायच्या, खिडक्या पाडायच्या, घरी यायच्या आणि भाकरी थापताना मध्येच थांबून आपल्याच बोटांकडं बघायच्या. तिसरा महिना सरला, जीव टिकला. मग सोनोग्राफीच्या पडद्यावर एक हात दिसला, मनगट, आणि मनगटापुढं पाच बारीक रेघा. ओंकार उठून बाहेर गेला आणि व्हरांड्यात भिंतीला टेकून लहान पोरासारखा रडला.

सासरी तासगावात तनिष्कानं सगळ्यांना सांगून टाकलं, "आमच्या आईनं शोध लावलाय." ओंकारच्या वडिलांनी शालनताईंना शाल-श्रीफळ दिलं. त्यांनी ते घेतलं खरं, पण घरी येऊन पेटीच्या तळाशी घालून ठेवलं.

तांबोळी मॅडमनी शोधनिबंध लिहिला तेव्हा आपलं राहिलेलं रागावणं पुरं केलं, चांगली वीस मिनिटं, आणि शालनताईंनी ते उभं राहून ऐकून घेतलं. मग मॅडमनी मसुदा वाचून दाखवला. त्यात 'शालन घोरपडे यांच्या निरीक्षणातून' असं होतं.

"चुकीतून लिवा," शालनताई म्हणाल्या. "आन् खूण खोटी केली तेबी लिवा."

"नोकरी माझ्या हातात आहे, पण नाव तुमचं जाईल, ताई."

"जाऊ द्या. पुढच्यानं असं लपवू नये."

मॅडमनी तसं लिहिलं, आणि नोकरीही ठेवली. खुर्ची तिथंच होती, हाकही तीच होती. हे उपकार कसे फिटायचे, हे शालनताईंना आजतागायत कळलेलं नाही.

पाचव्या महिन्यातल्या तपासणीत मात्र मॅडमनी पडद्यावरचं चित्र बराच वेळ स्थिर धरलं. पायांची दहा बोटं होती, उजव्या हाताची पाच. डाव्या हाताची चार. करंगळी नव्हती.

"चार तर चार," तनिष्का हसून म्हणाली, "कुठं सतार वाजवायचीय तिला?"

शालनताईंनी मॅडमना नंतर एकटीनं गाठलं. मॅडम खोटं बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. बाळाचा डावा हात मण्यापासून सगळ्यांत लांब होता, त्या म्हणाल्या, तिथले धागे शेवटी पोचले आणि तोवर निरोप संपत आला होता. ताकद थोडी जास्त हवी होती. तीन महिने मिळाले असते, तर ते नक्की कळलं असतं.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, तसं ते शालनताईंच्या घरीच झालं. मुलगी झाली, जाडजूड आणि रागीट. बाराव्या दिवशी सकाळी शालनताई न्हाणीघरात पाटावर पाय पसरून बसल्या होत्या, नात पायांवर उताणी, अंगभर तेल चोळून झालेलं, शेजारी कढत पाण्याची बादली. तनिष्का दाराशी स्टुलावर बसून बघत होती. शालनताईंनी डावी मूठ उलगडली, चार बोटांना एकेक करून तेल लावलं आणि जिथं पाचवं नव्हतं तिथं त्यांचा अंगठा थांबला.

"तनू, तुला एक सांगायचंय," त्या म्हणाल्या. "ह्यो शोध मला मार्चातच लागला हुता. अंडी मी चुकून फिरवली, आन् खोटी खूण केली, आन् तीन महिनं गप बसले. तुझ्यावर वेळ आली तवा बोलले. आधी बोलले असते तर मण्याची ताकद बरोबर ठरली असती. हिची करंगळी माझ्या गप बसण्यानं गेली."

बादलीतून वाफ वर येत होती. शालनताईंना वर बघायचा धीर होत नव्हता.

"त्या दिवशी आम्ही गाडीत वाट बघत होतो," तनिष्का म्हणाली. "तू परत आत गेलीस. नोकरी जाईल असं वाटलं नाही तुला?"

"वाटलं की."

"तुरुंगाबिरुंगात घालतील असं?"

"तेबी वाटलं. मला काय कळतंय त्यातलं."

"आणि तरी गेलीस."

शालनताईंनी मान हलवली. नात पायांवर वळवळायला लागली होती.

"एक बोट तू गप्प बसलीस म्हणून गेलं," तनिष्का म्हणाली, आणि आता तिचा आवाज कापला. "आणि दोन्ही हात, दोन्ही पाय तू बोललीस म्हणून आले. मी एका गोष्टीसाठी तुझ्यावर रागावणार आहे, आई, चांगली रागावणार आहे. आणि दुसरीसाठी मरेपर्यंत तुझे उपकार मानणार आहे. दोन्ही एकदम जमतं का बघू." तिनं डोळे पुसले. "पाणी घे आता. निवायला लागलंय."

शालनताई तांब्या घ्यायला गेल्या, पण त्यांना हात सोडवता येईना. नातीनं डाव्या हाताच्या चार बोटांनी त्यांचा अंगठा धरून ठेवला होता, आणि उजव्या पाचांनी पदर. तनिष्का स्टुलावरून उठली, बादलीशी वाकली, तांब्या भरला आणि आपल्या लेकीच्या अंगावर हळूहळू पाणी सोडायला लागली. बाळंतिणीनं इतक्यात वाकू नये म्हणून ओरडायचं शालनताईंना सुचलंही नाही.